बाबाच्या खांद्यावरची गाठ

बोकारो,
ऑक्टोबर १९७४

प्रेमिलाताई,
जय भीम.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले, कामात मन लागत नाही. दीक्षेच्या दिवशी बाबाच्या खांद्यावर बसून मी सगळं पाहिलं, हे इथल्या पोरायले नेहमी सांगतो, असं मी तुले कळवलं होतं. तू लिहिलं, "काहून खोटं सांगून राहिला गा? तुले गोवर आला होता. मावशीपाशी पारशिवनीले ठेवला होता तुले. खांद्यावर मी होती."

खोटं नाही वं ताई. ती पांढऱ्या लुगड्यांची गर्दी मले आताही दिसते. पण तू दरवर्षी सांगत गेली, मी ऐकत गेलो, आन ऐकलेलं कधी पाहिलेलं झालं ते समजलंच नाही. तीन गावं बदलली, पाच नोकऱ्या सोडल्या, एवढं एकच सगळीकडे सोबत नेलं.

तो दिवस तुझा, घे परत. पण संत्र्याच्या पाट्या वाहून बाबाच्या डाव्या खांद्यावर गाठ आली होती, ती माझ्या मांडीले लागायची. ते तरी माझं असेल ना? बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांचा. त्यांचं दुसरं काहीच नाही माझ्यापाशी. एखाद्या साध्या दिवशी, नुसतं बाजारात नेताना, त्यांनी मलेही उचललं असेल.

हेच विचाराले बसलो होतो. पण तू लिहिशील, "गाठीचं बी मीच सांगितलं होतं तुले." मग काय करू?

म्हणून हे पत्र टाकत नाही.

थकलेला तुझा भाऊ,
देवराव