माझ्या आवाजाची वाटणी

माणसाचा आवाज ही स्थावर मालमत्ता की जंगम? याचं उत्तर मला देता येत नाही. वकिलांना विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि "तुमचं वय काय?" असं उलट मलाच विचारलं. म्हणून प्रश्न इथे नोंदवून पुढे जाते.

मी, गादीवाल्यांची थोरली मुलगी, वय वर्षे सत्तावीस, घरातली पहिली पदवीधर, नोकरी बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्याची, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असण्याबद्दल आईचं मत वेगळं आहे, तेही नोंदवते. "अगं, गळ्यातल्या गाठी काढायच्यात, गळा नाही," असं ती दर दहा मिनिटांनी म्हणते.

माझ्या स्वरतंतूंवरच्या गाठी बुधवारी काढणार आहेत. जिवाला धोका नाही. पण त्यानंतर आवाज मऊ होईल, त्यातली खरखर जाईल आणि पुन्हा आयुष्यात कधी ओरडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. गाठी तशाच ठेवल्या तर वर्षभरात आवाजच जाईल आणि त्यासोबत नोकरीही. म्हणजे बुधवारी माझ्यातलं काहीतरी मरणार हे नक्की. जे मरणार आहे त्याची व्यवस्था आधी लावावी, एवढाच माझा हेतू आहे.

आमच्या घराण्यात आजवर कोणी मृत्युपत्र केलेलं नाही. आजोबा गेल्यावर दोन्ही काकांचा शिडीवरून वाद झाला आणि त्यांनी ती उभी कापून वाटून घेतली. आज दोघांकडे एकेक दांडा आणि अर्ध्या अर्ध्या पायऱ्या आहेत. दोघांचेही माळे बारा वर्षं झाडलेले नाहीत. कागद वेळेवर केला तर माणसं शहाण्यासारखी वागतात, यावर माझा विश्वास आहे.

कलम १. माझ्या एकवीस कॅसेटी. चौदाव्या ते अठराव्या वर्षात कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून मिळवलेल्या. तो रॉक आणि पंकची गाणी हाती लागेल त्या जुन्या कॅसेटवर उतरवून द्यायचा, आणि त्याच्या हाती बहुतेक टायपिंगचे धडे लागायचे. त्यामुळे गिटार ऐन भरात असताना मध्येच एक शांत बाई म्हणते, "आता उजव्या हाताची करंगळी." हा गाण्याचाच भाग आहे असं आम्ही तिघी मैत्रिणी दोन वर्षं समजत होतो. आमच्या बँडच्या पहिल्या तीन गाण्यांत करंगळी येते ती यामुळे.

त्या कॅसेटींवरचं पहिलं गाणं ऐकलं तेव्हा एक शब्दही कळला नव्हता. एवढंच कळलं, की जगात कुणालातरी आपल्याइतकाच राग आलेला आहे आणि तो तीन सुरांत मावतो. आम्हाला राग कशाचा आला होता हे ठाऊक नव्हतं. ते पुढे सवडीने शोधायचं ठरलं होतं. अजून सवड झालेली नाही.

या कॅसेटी हातोडीला द्याव्यात. हातोडी म्हणजे आमच्या बँडची ड्रमवाली. ती पत्र्याच्या डब्यांवर वाजवायची. आता शाळांचे गणवेश शिवते, आणि तिच्या शिलाई मशीनचा वेग ऐकला की मला आजही गाण्याचा पहिला शब्द तोंडावर येतो.

कलम २. कापूस पिंजायची धनुकली. ही बाबांची. मशीन आल्यावर ती अडगळीत पडली होती, तिथून मी उचलली. तिला तारेसारखी एकच तात, पण ती छेडली की पोटात गडगडतं. टाचणीच्या चार तारांच्या गिटारला ती अगदी साथ द्यायची. टाचणी म्हणजे आमची तिसरी मैत्रीण, अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार. धनुकली मुळात बाबांचीच असल्यामुळे तिची वाटणी करण्याचा मला अधिकार नाही. फक्त ती परत केली आहे असं इथे लिहिते.

कलम ३. फ्यूजची एक तार, आगपेटीत जपून ठेवलेली. ही मामाला द्यावी. कारण सांगणं भाग आहे.

आमचं "गप्प न बसणारं मंडळ" गादीच्या दुकानात सराव करायचं. चारी बाजूंना छतापर्यंत गाद्या आणि मध्ये आम्ही तिघी. गाद्या आवाज गिळतात हे गादीवाल्याच्या मुलीला कळायला हवं होतं. कळलं नाही. आम्हाला वाटायचं, आपण फार हळू वाजवतो. म्हणून टाचणी रोज स्पीकरचं बटण थोडं पुढे सरकवायची, हातोडी रोज थोडा मोठा डबा आणायची आणि मी रोज थोडी जास्त ओरडायची. हे तीन वर्षं चाललं. मग कॉलेजच्या सभागृहात, जिथे गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती होत्या, आम्ही पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं.

पहिल्याच सुराला पंख्याची टोपी खाली आली. प्राचार्य खुर्चीसकट मागे सरकले. विजेचं काम मामाकडे होतं. त्याने अकराव्या सेकंदाला फ्यूज काढला आणि अंधारात मोठ्याने म्हणाला, "पोरींनो, जीव घ्याल कुणाचा!"

मामा, तू फ्यूज काढलास, पण मी थांबले नाही. अंधारात, माइकशिवाय, एक मिनिट चाळीस सेकंद, अख्खं गाणं म्हटलं: "दार उघडं ठेवा, आम्ही आत येणार नाही." तुला माफ केलेलं आहे. तार मात्र घे आणि समोर ठेव.

कलम ४. पदवीचं प्रमाणपत्र. बाबांनी ते प्लास्टिकमध्ये घालून पिंजायच्या मशीनच्या वर टांगलं आहे. त्यावर कापूस बसतो आणि महिन्याभरात माझं नाव दिसेनासं होतं. ते तिथून हलवू नये. अधूनमधून झटकावं.

कलम ५. माझी किंकाळी. हे कलम मी रविवारपर्यंत सात वेळा लिहून खोडलं, कारण घ्यायला कोणी तयार नाही.

टाचणीला फोन केला. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. म्हणाली, "इथे आधीच दिवसभर लोक किंचाळतात गं. मी कुठे ठेवू?"

हातोडी म्हणाली, "माझं बाळ आत्ताच झोपलंय. नंतर बोलू."

आई म्हणाली, "मला दे. देवाला सोडते."

खरं म्हणजे ती एकाच माणसाच्या उपयोगाची आहे, आणि नेमकं त्याच्याचबद्दल लिहिताना माझा हात थांबतो. मशीनशेजारी तीस वर्षं उभं राहून बाबांचे कान गेले. कानातलं यंत्र आहे, पण त्यात कापूस जातो म्हणून ते गल्ल्याच्या खणात असतं. कोणी काही बोललं की बाबा "हो हो" म्हणून हसतात. त्या दिवशी सभागृहात ते शेवटच्या रांगेत उभे होते. घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "ते दार कुणाचं गं?" त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला होता. तेव्हापासून मी बाबांशी त्याच आवाजात बोलते. "बाबा, चहा!" "बाबा, गिऱ्हाईक!" "बाबा, मी पास झाले!" शेजाऱ्यांना वाटतं आमच्या घरात रोज भांडण होतं. खरं तर एवढं बोलणं त्या गल्लीत दुसऱ्या कुठल्याच घरात होत नाही. बुधवारनंतर माझा मऊ आवाज डॉक्टरांना ऐकू येईल, प्रवाशांना ऐकू येईल. बाबांना येणार नाही.

काल, सोमवारी, ऑपरेशनआधीची आवाजाची तपासणी होती. बाबा पिशवी धरायला सोबत आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. तपासणीच्या बाईंनी स्वतःच्या कानांवर हेडफोन चढवले, यंत्र सुरू केलं आणि म्हणाल्या, "मोठा श्वास घ्या आणि जमेल तितका वेळ 'आ' म्हणा."

"जमेल तितका?"

"हो, जमेल तितका."

मी बाबांकडे पाहिलं. मग 'आ' पासून सुरुवात केली आणि थांबले नाही. अख्खं गाणं म्हटलं, दोन्ही कडवी, दार आणि करंगळीसकट. यंत्राचा काटा उजवीकडच्या टोकाला जाऊन तिथेच राहिला. बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बाहेरचे तीन रुग्ण दार ढकलून आत आले, त्यांतल्या एकाच्या कानाला पट्टी होती. बाबांचा पाय जमिनीवर ठेका धरत होता. एक ठोकाही चुकला नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "हे... नेहमीच असं असतं का?"

बाबांनी त्यांच्या ओठांकडे पाहून अंदाज बांधला. "छे छे," ते म्हणाले, "आज जरा हळूच म्हणाली."

बाहेर पडताना ते म्हणाले, "बुधवारपासून तू बोलायला आलीस की मी मशीन बंद करत जाईन. कानातलं यंत्रही घालीन. फक्त थोडक्यात बोल, गिऱ्हाईक खोळंबतं."

सबब, कलम ५ मधील मालमत्ता मी काल, हयातीत, राजीखुशीने आणि संपूर्णपणे स्वतःच खर्च केली आहे. मागे काही उरलेलं नाही. तिच्यावर कोणी हक्क सांगू नये.

लिहिणार: (सही) गादीवाल्यांची थोरली

साक्षीदार १: (सही) आवाज तपासणीच्या बाई. "समक्ष ऐकलं. कानात अजून शिट्टी वाजते आहे."

साक्षीदार २: (सही) बाबा. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. बाबांना यातून काही मिळत नाही. त्यांना द्यायचं ते देऊन झालं आहे.

ठिकाण: गादीच्या दुकानावरची खोली
दिनांक: १५ मार्च २०११, मंगळवार