आता कुणाचं नसतं असं नाव

छावणी, छत्रपती संभाजीनगर
बुधवार

प्रिय अतुल,

फोनवर बोलता बोलता तुझी मीटिंग निघते, म्हणून पत्र लिहितोय. शनिवारपर्यंत पुण्यात तुझ्या हाती पडावं. इकडे ठीक. तुझी आई गुडघ्याला तेल चोळते आणि तुझ्यावर रुसायचं काम माझ्यावर सोपवते.

परवा गच्चीत बसलो होतो, तर मागच्या दिवाळीतलं तुझं समजावणं आठवलं. इथल्या दवाखान्याची नवी प्रणाली तू करत होतास. प्रोग्रॅममध्ये रुग्ण एका साच्यात असतो, क्लाउडवरच्या डेटाबेसात तोच रुग्ण एका ओळीत असतो, आणि दोहोंची जुळणी लावायची असते. सुटे भाग तपासले तर सगळे पास होतात. म्हणून सगळं जोडून, खोटे रुग्ण आत घालायचे, जसेच्या तसे परत येतात का बघायचं आणि शेवटी ते पुसून टाकायचे. मला लई आवडलं ते. माझी चौथीतली पोरं अशीच असायची. सुटं कडवं विचारा, घडाघडा म्हणतील. अख्खी कविता म्हणायला उभं करा, की दोन कडव्यांच्या सांध्यावर घोडं अडलंच. तुझा धंदा माझाच आहे रे, असं मी म्हणालोही.

मग तू माझ्याकडे नावं मागितलीस. देवनागरी अक्षरं शाबूत परत येतात का ते बघायला, आणि खऱ्या रुग्णांशी गल्लत नको म्हणून आता कुणाचं नसतं अशीच. मी हौसेनं वहीचं पान भरलं. पहिलंच नाव कडूबाई. वर गोष्टही सांगितली, की आधीची लेकरं दगावली तर पुढच्या लेकीला हे नाव ठेवायचे, यमानं तोंडात घातली तरी थुंकून टाकावी म्हणून. तू म्हणालास, झकास, हे तर कुणाचंच नसणार. मी मान डोलावली.

अरे, बिडकीनच्या शाळेत अकरा वर्षं माझ्या वर्गामागं खिचडी शिजवणारी बाई कोण होती? कडूबाईच. खिडकीतून माझा आवाज जायचा आणि पातेल्यात डाव हलवता हलवता तिला सगळ्या कविता पाठ. एकदा मी ओळ विसरलो, तर तिकडून ओरडली, "सर, पुढं पाखरं हायेत!" वर्ग खो खो हसला. कवितेतली पाखरं मला अजून आठवतात. रोज माझ्या ताटात वाढणाऱ्या बाईचं नाव मात्र मी 'कुणाचं नसतं' म्हणून लिहून दिलं.

पंधरा दिवसांपूर्वी ती सुनेचा हात धरून दारात उभी राहिली. दोन्ही बुबुळं पांढरी झालेली. नेत्रदानातलं बुबुळ मिळायच्या यादीत तिचा तिसरा नंबर होता. पुढच्या दोघांचं झालं, हिला बोलावणंच आलं नाही. चौकशीला गेली, तर यादीत नावच नाही. "सर, म्या हाय का नाय, तेवढं इचारून द्या," म्हणाली. मी तिला त्याच दवाखान्यात घेऊन गेलो. नोंदणीच्या खिडकीवरच्या रूपानं तीनदा शोधलं. नाव वेगळं म्हणून तिच्या लक्षात होतं, नोंद तिनंच केली होती. पण पुन्हा नव्यानं नोंदवावं लागलं, म्हणून आता कडूबाई यादीच्या तळाशी, एकशे सदतिसावी.

तुला फोन केला. तू नोंदी तपासल्यास. मग सांगितलंस की एकदा चाचणीतला डेटाबेसचा पत्ता बदलायचा राहून गेला, चाचणी खऱ्या यादीवर चालली आणि शेवटी 'खोटी' नावं पुसून मोकळी झाली. नेमकं एकच नाव जुळलं. आणि आवाज उतरवून म्हणालास, "आप्पा, नाव तुम्हीच दिलं होतं. कुठं बोलू नका." यमानं न घेतलेली बाई आपण बापलेकांनी पुसली, अतुल.

तेही मी गिळलं. बाप आहे. पण काल रूपा घर शोधत आली. तुमच्या कंपनीचं पत्र दवाखान्यात पोचलंय. प्रणालीत दोष नाही, नोंद खिडकीवरच्या हलगर्जीपणानं पुसली गेली. खाली तुझी सही. पोरगी कंत्राटी. सोमवारी अकराला चौकशी आहे, मग घरी बसवणार. "सर, मी किती शोधलं ते तुम्ही बघितलं ना, एवढंच सांगाल का?" म्हणाली. मी कुणाचा बाप आहे ते तिला ठाऊक नाही. तुझ्या पदवीच्या फोटोकडे पाठ करून मी तिला चहा दिला.

म्हणून हे पत्र. सोमवारी अकराच्या आत तू स्वतः येऊन सांग, की पुसणारी चाचणी तुझी होती, रूपाचा काही दोष नाही, आणि कडूबाईला तिचा नंबर परत द्या. तसं केलंस तर मी घरीच थांबेन. नाही आलास, तर रूपाशेजारच्या खुर्चीत मी बसणार आहे. नाव मी दिलं, चाचणी माझ्या मुलानं चालवली, असं सांगणार आहे. तुझी नोकरी जाईल, तुझी आई माझ्याशी बोलायची नाही, सगळं धरून चाललोय. आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते तू सांगावंस, अशी अजून आशा आहे.

तुझाच, आणि म्हणूनच गप्प न बसणारा,
आप्पा