वाळायच्या आत वाचलेली अक्षरं

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना धाकटीचा नमस्कार. भाऊजींचा खोकला कमी झाला का?

मी मजेत आहे. हॉटेलात दिवसभर चादरींना इस्त्री करते. मनगट थोडं सुजतं, पण काळजी करण्यासारखं काही नाही. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जाते. पन्नाशीची मी, मागच्या बाकावर अंग चोरून बसते. माझं इंग्रजी ऐकून तुझा भाचा हसतो, म्हणून घरी बोलतच नाही.

काल वर्गात बाईंनी विचारलं, "तुम्हाला पहिलं अक्षर कुणी शिकवलं?" मला तूच दिसलीस. भांडी घासायच्या दगडावर ओल्या बोटानं अक्षर काढायचीस आणि ते वाळायच्या आत मला वाचायला लावायचीस. चुकलं की एक पातेलं मला जास्तीचं घासायला.

मी उभी राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्या बहिणीनं. तिनं शाळा सोडली." दोन महिन्यांत वर्गात पहिल्यांदा तोंड उघडलं.

बाई म्हणाल्या, "का सोडली?"

आई अंथरुणाला खिळली, तेव्हा दोघींतल्या एकीला घरी राहावं लागणार होतं. तू तुझं दप्तर माझ्या खांद्याला अडकवलंस आणि म्हणालीस, "जा, उशीर होईल." मी मागे वळूनही पाहिलं नाही.

"इंग्रजीत सांगता येत नाही," असं म्हणून मी खाली बसले. पण ताई, इतकी वर्षं मला ते मराठीत तरी कुठे सांगता आलं? माझ्यासाठी तू शाळा सोडलीस, हे मला तेव्हाही कळलं होतं.

जिवाला जप.

तुझीच,
धाकटी