दहावा नियम

५ जानेवारी १९८८
मालकांनी, प्रतापरावांनी, आज सगळ्या ऑफिसला केबिनमधे बोलावलं. पगाराचं आणि हिशेबाचं पॅकेज, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, याच महिन्यात ठरवायचं. दिवाळीपासून कॉम्प्युटर नुसता कव्हर घालून पडलाय, एसी मात्र चालू. पॅकेजं दोन. एक पुण्याच्या कंपनीचं, तयार. दुसरं इथल्याच मंगळवार पेठेतले एक प्रोफेसर लिहून देणार, आपल्या फौंड्रीला लागेल तसं. मी पेन काढून बसलोवतो. एकोणीस वर्षं बावन्न माणसांचा पगार मी काढतोय, मलाच विचारणार असं धरून.
म्हणाले, "वंदना बघेल. तिचा कोर्स झालाय. माने, तुम्ही तिला लागंल ती माहिती द्या."
पेनाला टोपण लावलं.

६ जानेवारी
वंदना कांबळे. तीन वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून आली, तेव्हा मस्टर म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. ओव्हरटाइम, पी.एफ., उचल, सगळं मी शिकवलं. शिकवताना बरं वाटायचं, हेही खरं. संध्याकाळी क्लासला जायची तेव्हा अर्धा तास लवकर सोडायचो तोही मीच.
जेवणाच्या सुट्टीत स्टोअरचा शिंदे तिच्या जातीवरून घाणेरडं बोलला. मी हसलो नाही. पण गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं मला सोयीचं होतं. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या विसरायला होईल.

१२ जानेवारी
प्रतापराव आणि त्यांच्या मिसेस व.ला घेऊन पुण्याला जाऊन आले. तिथं पॅकेज चालवून दाखवलं म्हणे. व. सांगत होती, बटण दाबलं की सगळ्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या छापून येतात, काका. आवाजात तोरा नव्हता. असता तर बरं झालं असतं.
घरी सौ.ला सांगितलं. भाकरी थापत म्हणाली, "मग तुम्ही का न्हाय केला कोर्स?"
जेवण नीट गेलं नाही.

१५ जानेवारी
व. वही घेऊन समोर बसली. पगाराचे सगळे नियम सांगा, त्यावरून पॅकेज ठरवते. नऊ सांगितले. दहावा फक्त माझ्या डोक्यात आहे. भट्टीवर कोण भाजलं तर घरी बसलेल्या दिवसांचा पूर्ण पगार. थोरल्या मालकांनी, प्रतापरावांच्या वडिलांनी, तोंडी घालून दिलेला. ते जाऊन चार वर्षं झाली. मी आपला मस्टरवर शेरा मारून हजेरी लावून टाकतो, प्रतापराव मस्टर कधी बघत नाहीत.
"अजून काय हाय का, काका?"
"न्हाय."
विसरलो नव्हतो.

२२ जानेवारी
पुण्याचं घ्यायचं ठरलं. व.नं सगळ्यांसमोर उभं राहून कारणं सांगितली. यादीतले नऊच्या नऊ नियम त्यात बसतात, प्रोफेसरांना लिहायला सहा महिने लागणार, तोवर काय करायचं. नीट बोलली. प्रतापराव "शाब्बास" म्हणाले. मला कोणी म्हटल्याचं आठवून बघितलं. थोरल्या मालकांनी, एकदा.
मनात आलं, बसा घेऊन पुण्याचं. एखादा भाजला की कळेल.
म्हणजे कोणी भाजावं असं नाही. तसं नाही म्हणायचं मला.

९ फेब्रुवारी
जानेवारीचा पगार दोन्हीकडं काढला. मी हातानं, तिनं कॉम्प्युटरवर. तिची चूक शोधत दोन तास बसलो. सापडली ती माझीच, एका फिटरचा ओव्हरटाइम. व.नं पेन्सिलीनं बारीक खूण करून पान माझ्याकडं सरकवलं. कोणाला बोलली नाही.
प्रतापराव खूश. फेब्रुवारीपासून हातानं लिहायचं बंद.
आता मी दिवसभर काय करायचं, हे कोणी बोललं नाही.

१६ फेब्रुवारी
भट्टीवरचा ज्ञानू पाटील भाजला. लोखंड ओतताना ठिणगी नव्हे, चांगला शिंतोडा बुटात गेला. मोजा पावलाला चिकटलेला. मीच रिक्षातून दवाखान्यात नेलं. वाटेत दात आवळून म्हणाला, "पगाराचं बघा तेवढं, मानेसाहेब." म्हटलं, बघतो.
व.ला उद्या सांगायचं.

२४ फेब्रुवारी
नाही सांगितलं. ज्ञानूचं पाऊल कसं आहे म्हणून ती रोज विचारते. म्हणजे रोज सांगता आलं असतं.

८ मार्च
पगार झाला. ज्ञानू लंगडत आला. अकरा दिवसांचा पगार कापलेला. चिठ्ठी खिडकीत ठेवून व.ला म्हणाला, "थोरलं मालक असतानी असं न्हवतं. मानेसाहेबास्नी इचारा."
व.नं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यातच तिला सगळं कळलं.
प्रतापरावांच्या कानावर गेलं, त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. असा नियम होता तर यादीत का नाही, विचारलं.
"माझ्याकडनं लिहायचं राहिलं, साहेब," व. म्हणाली.
ती बोलली नसती तर मी बोललो असतो का, नक्की सांगता येत नाही.
बाहेर आल्यावर हलकं वाटायला पाहिजे होतं. उलट जळफळाट. हेही तिलाच जमलं.

१० मार्च
पुण्याला फोन लागला. ते म्हणतात, पॅकेजमधे गैरहजर म्हणजे गैरहजर, मधे काही घालता येत नाही. व.नं सुचवलं, पुण्याचे निम्मे पैसे अजून द्यायचेत, ते थांबवून प्रोफेसरांकडं जाऊ. प्रतापराव वैतागले. "एवढ्यासाठी पॅकेज बदलायचं? त्यापेक्षा नियमच काढून टाकू. लिहिलेला तरी कुठं हाय?" परवा सकाळी अकरा वाजता शेवटचं ठरवणार.
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला फक्त तिचं चुकायला हवं होतं. बावन्न जणांचा नियम जावा असं कुठं...
ज्ञानू आजपासून कामावर. बुटात पाय बसत नाही, टाच दाबून घालतो.

११ मार्च
सकाळी लवकर जाऊन माळ्यावरची जुनी मस्टर काढली. एकोणीस वर्षांत सात वेळा, माझ्याच अक्षरात, "भाजला, पूर्ण पगार". दोन ठिकाणी थोरल्या मालकांची सही. सगळा गठ्ठा व.च्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, "त्या दिवशी विसरलो नव्हतो मी. मुद्दाम सांगितलं न्हाय."
बराच वेळ पानं उलटत होती. सही असलेल्या दोन पानांत कागद घातले. मग म्हणाली, "ठाऊक हाय. तुम्ही कधी काय विसरत न्हाय."
मी उभाच. बसा म्हणाली नाही.
"उद्या साहेबांसमोर मी यातलं काय बोलणार न्हाय. तुम्हीच बोला, काका."
काका म्हणाली. पण तोंडात होतं म्हणून आल्यासारखं.
सौ.ला आज सगळं सांगितलं, जानेवारीपासूनचं. नोकरी गेली तर, म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, ज्ञानूला पोरं किती? तीन.
उद्या केबिनमधे काय बोलायचं ते लिहून बघतोय. तीन कागद झाले. तिन्हीत पहिल्या ओळीत माझी एकोणीस वर्षं. ज्ञानू चौथ्या-पाचव्या ओळीत. व.चं नाव एकातही आलं नाही.
चौथा कागद घेतलाय.