मेलेल्या ताडावरचं पिल्लू

वेरावळ बंदर,
ता. २४ मार्च २०१७

बा, तुला लक्ष्याचा रामराम.

मी इथे बरा आहे. तू, निर्मलाताई, सोनल सगळे बरे असाल. सोनल, आजोबांना सावकाश वाचून दाखव आणि मामाच्या अक्षराला हसू नको. मी चौथीत शाळा सोडली, तेव्हापासून ते तिथेच आहे.

बा, फोन केला की तू "हं" म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून लिहितोय. पत्र तरी तसं ठेवता येणार नाही.

बोट अजून जेटीलाच आहे, उद्या सुटेल. यंदाही मला बर्फाच्या खणातच टाकलंय. हे चौथं वर्ष. दिवसभर वाकून बर्फ फोडायचा, मासे रचायचे, रात्री बोटं आहेत की नाहीत ते चाचपायचं. जतीनभाई, बोट चालवणारा आमचा तांडेल, म्हणतो पुढच्या हंगामात तुला वर सुकाणावर घेतो. दर वर्षी म्हणतो.

पोपटाच्या पिल्लाचं सांगतो. भात भरवू नको. चण्याची डाळ भिजवून वाट, त्यात पिकलं केळं कुस्कर. मनगटावर थेंब टाकून बघ, कोमट हवा. गळ्याखालची पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुढचा घास देऊ नको. चमच्याच्या कडा वाकवून ठेवल्यात, त्याने भरव. ताई म्हणते तू चमचा बाजूला ठेवलास आणि पळसाच्या पानाच्या पुडीने भरवतोस. भरव. तुला कोण सांगणार?

मी होळीला मासे आणले ते थर्माकोलचं खोकं मात्र सोडू नको. वास येतो म्हणतोस, येऊ दे. अंगावर पिसं नाहीत त्याच्या, ऊब तिथेच राहते.

आणि रोज सकाळी ते खोकं त्या मेलेल्या ताडाखाली नेऊन ठेवणं बंद कर. पोपट तुझ्या डोक्यावर ओरडतात आणि जातात, असं ताई सांगत होती. ओरडणारच. खाली पडलेलं पिल्लू ते उचलत नाहीत.

लहान्याकाकाशी तू बोलणं टाकलंस म्हणे. ढोलीच्या तोंडाशी कोयत्याचे घाव दिसले, आणि इतक्या उंचावर पाड्यात दोघंच चढतात, तू आणि तो. तू नाही, म्हणजे तो. बा, मला पिल्लू खाली मिळालं. वर काय झालं ते मी कसं सांगू? पण तीस वर्षांचा शेजार आहे. जाऊ दे ना.

सोनल, एवढं मनात वाच. पिल्लू बोलायला लागलं की त्याला "केम छो" शिकव. का ते विचारू नको.

तुझा लक्ष्या


वेरावळ बंदर,
ता. १२ एप्रिल २०१७

बा,

काल लहान्याकाका न विचारता तुझ्या घरात शिरला आणि पिल्लाखालचं खोकं ओढून घेऊन गेला. तू त्याला काय काय बोललास ते मी ऐकलं. त्याच्या खिशात फोन चालूच होता. तो का आला ते त्याने सांगितलं नाही. मी सांगतो.

काल अठरा दिवसांनी बोट लागली. जेटीवर बायजी म्हणून चहावाली आहे, तिची कोंबडी मेली होती. तिने कापली तर गळ्याच्या पिशवीत नुसते थर्माकोलचे दाणे. मी चहा तसाच ठेवला. निघालो त्या सकाळी आपल्या खोक्याचा एक कोपरा कुरतडलेला मी पाहिला होता. म्हटलं चोच घासत असेल.

तुला फोन लावला. मी बोलायच्या आत "हं", आणि कट. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तू उचललाच नाहीस. ताई वीटभट्टीवर, तिचा फोन बंद. सोनल शाळेत. बा, किती राग आला सांगू, फोन समुद्रात फेकणार होतो. सगळ्या पाड्यात आणखी एकच नंबर होता माझ्याकडे.

लहान्याकाका म्हणाला, "तुझा बाप मला चोर म्हणतो. त्याच्या दारात मी पाय ठेवू?"

मी म्हटलं पिल्लू मरेल. तो म्हणाला, ज्याने काढलं त्याने बघावं.

जेटीवर इंजिनांचा एवढा आवाज, ओरडूनच बोलावं लागतं. ओरडून सांगितलं, "मीच काढलं, काका. कोयता माझा होता." दहा खलाशी माझ्याकडे बघायला लागले.  तिकडून काका म्हणाला, "मेलेल्या ताडावर चढलास?"

"हो."

"गाढवा," म्हणाला, आणि चपला घातल्याचा आवाज आला.

तर हे असं आहे. पिल्लू खाली पडलं नव्हतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू झोपलास तेव्हा मी चढलो. जतीनभाईच्या मुलीला बोलणारा पोपट हवा आहे. आणलास तर सुकाणावर घेतो म्हणाला. पिल्लू पावसाळाभर घरी वाढवायचं आणि ऑगस्टमध्ये इकडे आणायचं, असं मी ठरवलं होतं. तुला विचारायचं ठरवलं नव्हतं.

मेलेल्या ताडावर चढत नाहीत हे मला माहीत आहे. तो मुळापासून हलतो. असा ताड सगळे पाण्याच्या पन्हळीसाठी कापून नेतात, आणि तू मात्र तो एक पोपटांसाठी उभा ठेवलास. तेही माहीत आहे. ढोलीत हात घातला तर आत दोन होती. एक आणलं. दुसरं मागे सरकून फिस्कारत होतं.

पण बा, माझाही राग ऐक. घाव बघून तुला दोघंच आठवले. घरात तिसरा आहे हे तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला तू कधी ताडावर चढू दिलं नाहीस. याचं चित्त एका जागी नसतं, पडेल, म्हणालास. मी पडलो नाही. भर दुपारी, हलणाऱ्या ताडावर, एका हातात पिल्लू धरून उतरलो, आणि कुणाला सांगायची सोय नाही. लहान्याकाकाचं नाव पुढे आलं तेव्हा मी गप्प बसलो. त्याचं एक कारण हेही होतं, की तुला माझं नाव सुचलंच नव्हतं. आधी भीती होती, मग राग. चूक माझीच.

काका म्हणाला, खोकं मी काढतो, बाकीचं तू सांग. लिहून सांग, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

सोनल, यातलं काहीही मनात वाचायचं नाही. लहान्याकाकाच्या ओट्यावर बस, दोघं समोर असू देत, आणि मोठ्याने वाच. गाढवासकट.

उद्या बोट सुटते. पिल्लू आहे की गेलं ते पंधरा दिवस मला कळणार नाही.

लक्ष्या


वेरावळ बंदर,
ता. २९ एप्रिल २०१७

बा,

बोट काल सकाळी लागली. आधी सोनलचा फोन आला. दोन दिवस पिल्लाने चोच उघडली नाही, तू कोमट पाण्याचे थेंब देत अंगठ्याने पिशवी चोळत बसलास, काकाने डोकं धरलं, आणि पांढरे दाणे एकेक करून बाहेर आले.  पत्र वाचून झाल्यावर काकाने उठून पिल्लासाठी स्वतःची टोपली आणून दिली म्हणे. आता पिल्लाला हिरवी पिसं आलीत.

जतीनभाईला सांगितलं, पोपट मिळणार नाही. तो म्हणाला, मग बर्फ आहेच. त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. हातात बर्फच होता, तो खणात टाकला.

दुपारी तुझा फोन आला. मी खणातच होतो.  पलीकडे नुसतं पिल्लू ओरडत होतं, भूक लागल्यावर ओरडतं तसं. मग तुझा आवाज आला, तोही माझ्यासाठी नाही. "थांब रे, देतोय ना." मला वाटलं आता माझ्याशी बोलशील. इतकं लिहिलं, इतकं घडलं, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "हं." आणि मीच ठेवला.

मे संपता संपता येतो. तोवर पिल्लू उडून ताडावर गेलं तर जाऊ दे, त्याला थांबवू नको. मला मात्र चढायला शिकव. जिवंत ताडावर.

घरातला तिसरा,
लक्ष्या