वरची बाजू

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझं चित्र पोचलं. टपालहशील आम्हीच भरलं, पण त्याचं काही नाही. घर सोडून गेल्यापासून तुझं हे पहिलंच टपाल, वर अक्षर तुझं, पण आत चिठ्ठी नाही की तुझा पत्ता नाही. नुसता काळा रंग आणि एक पिवळा पट्टा.

पट्टा वर धरला की उजाडल्यासारखं वाटतं, खाली धरला की बुडाल्यासारखं. तुझे बाबा म्हणाले, "आडवं टांग, म्हणजे वादच नको." मी ते देवापाशी टेकवून ठेवलंय आणि दिवा लावताना रोज फिरवून बघते. तू बरी आहेस की नाही, काही उमगत नाही.

पत्त्यावाचून हे पत्रही तिथंच ठेवते. वरची बाजू कुठली, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
आई