मृत्युपत्रावरची दुसरी सही

मंगळवार, ३ सप्टेंबर

समन्स आलं. माझ्या नावाचं! दुकानात गणवेशांचा ढीग, तोंडात टाचण्या, आणि समोर कोर्टाचा माणूस — "सही करा." मी विचारलं, कशावर? "कागद मिळाल्याची हो बाई. घाबरता कशाला?" याला काय सांगू, सही म्हटलं की हल्ली मी कागद दोनदा वाचते.

वरच्या मजल्यावरचे काका मार्चमध्ये गेले. मृत्युपत्रात घर ताईंना दिलंय. ताई म्हणजे त्यांची मेहुणी. बायको गेल्यापासून चौदा वर्षं काकांचं सगळं ताईंनीच केलं, शेवटी शेवटी तर अंघोळसुद्धा. पण मृत्युपत्र टिकलं नाही तर ताईंचा त्या घरात कवडीचा हक्क नाही, सगळं दोन्ही पुतण्यांचं. चौदा वर्षांत दोघांनी काकांना ग्लासभर पाणी दिलं नसेल. आता म्हणतात, कागद बनावट आहे.

साक्षीदार दोन. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर, ते गेल्या वर्षीच वारले. उरले मी.

बुधवार, ४ सप्टेंबर

इथे तरी खरं लिहिते. काकांनी सही केली तेव्हा मी तिथे नव्हतेच.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी दुकानात आले होते, कागद घेऊन. खाली त्यांची सही झालेली, डॉक्टरांचीही. टेबलावर कात्रीशेजारी कागद पसरला आणि म्हणाले, "ही माझी सही. आत्ताच दवाखान्यात बसून केली. घर ताईला देतोय. इथे साक्षीदार म्हणून तू कर." मी टाचण्या काढल्या, हात पुसले, केली सही. ते समोर उभेच होते. शाईवर फुंकर मारली आणि गेले. तीन मिनिटांचं काम.

वर छापलेलं — "आमच्यासमक्ष सही केली." मी वाचलंच नाही. गिऱ्हाइकाच्या पँटचं माप दोनदा घेणारी बाई मी!

शुक्रवार, ६ सप्टेंबर

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "वकिलाला खरं काय ते सांगून मोकळी हो." ह्यांचं काय जातंय! मी सांगायचं आणि वकील म्हणायचा, मग तुमची साक्ष कुचकामी. ताईंना घराबाहेर कुणी काढलं? मी.

सोमवार, ९ सप्टेंबर

ताईंबरोबर वकिलांकडे गेले. खोलीभर फायली, बसायला दोनच खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. ती माझ्या वाट्याला.

"सही तुमच्यासमोर झाली ना?"

ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी हो म्हटलं. "कुठे?" वर, काकांच्या खोलीत. "कोण कोण होतं?" आम्ही तिघं. काका, डॉक्टर, मी. खिडकीजवळच्या टेबलाशी. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरंच. एकदा सुरू झाले ती काकांच्या चष्म्यापर्यंत सांगत गेले. वकिलांनी सगळं लिहून घेतलं. म्हणाले, "उत्तम. घडलं तसंच सांगायचं, घाबरायचं नाही."

घरी येताना ताईंनी मला रस्ता ओलांडताना हाताला धरलं. त्या बासष्ट वर्षांच्या, मी पन्नाशीची. त्या मला सांभाळतायत.

शुक्रवार, २० सप्टेंबर

न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख. दिवसभर बाकावर बसून पाठ धरली. आठ गणवेश राहिले.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

रोज घोकते आहे. खिडकी, टेबल, चष्मा. इतकं घोकलं की आता मलाच ते घडलेलं वाटायला लागलंय. त्या दुपारचे खरे काका आठवावे लागतात.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

झाली साक्ष. वाटोळं झालं.

आधी आपल्या वकिलांनी विचारलं, तेव्हा मी पोपटासारखी बोलले. मग पुतण्यांचा वकील उठला. तरुण, गोड बोलणारा. "काकांची खोली कितव्या मजल्यावर?" दुसऱ्या. "लिफ्ट आहे?" नाही. "डॉक्टर तिथे आले होते?" हो. "तुमच्या शेजारी बसले होते?" हो. "जिना चढून आले?"

तेव्हा मला आठवलं. डॉक्टर शेवटची तीन वर्षं चाकाच्या खुर्चीत होते. दवाखान्याच्या दाराला फळी लावून त्यांना आत-बाहेर करायचे. मी रोज दुकानातून बघत होते! आख्ख्या गल्लीला माहीत. मी म्हटलं, उचलून आणलं असेल. "असेल? तुम्ही तर तिथे होतात ना?"

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. मला पाणी हवं होतं, मागायची लाज वाटली. खाली उतरताना ताई दिसल्या. पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

शनिवार, १९ ऑक्टोबर

दुकान उघडलं नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

निकाल. सही काकांची असूही शकेल, पण साक्षीदार विश्वासार्ह नाही, सबब मृत्युपत्र सिद्ध झालं नाही. ताईंनी दोन महिन्यांत घर रिकामं करायचं.

साक्षीदार विश्वासार्ह नाही. तेवीस वर्षं या गल्लीत दुकान आहे माझं. कुणाचं वीतभर कापड कधी ठेवून घेतलं नाही.

रविवार, ८ डिसेंबर

ताईंना सामान बांधायला मदत केली. मावसबहिणीकडे जाणार आहेत. तिच्या बाहेरच्या खोलीतली कॉट मिळेल, म्हणाल्या, दिवसा आवरून ठेवायची. चौदा वर्षांचं सामान, आणि न्यायचं किती, तर दोन बॅगा आणि शिलाई मशीन. बाकी सगळं "त्यांचं".

मधेच थांबल्या. "एक विचारू? तू तेव्हा वर नव्हतीस ना?" मी मान हलवली. मला वाटलं आता काय ते बोलतील, आणि मला ते ऐकलंच पाहिजे. तर म्हणाल्या, "माझ्यासाठी कोर्टात खोटं बोललीस. सख्खी बहीण बोलली नसती गं."

दोघी रडलो. खरं सांगायचं तर जरा बरं वाटलं. फसलं ते फसलं, पण माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. रात्री नीट झोपले, किती दिवसांनी!

बुधवार, ११ डिसेंबर

अपिलाचं विचारायला ताईंबरोबर वकिलांकडे गेले. ताईंना बाहेर बसवलं आणि एकटीच आत जाऊन सगळं सांगितलं. काका दुकानात आले, ही माझी सही म्हणाले, मी त्यांच्यासमोर सही केली.

वकिलांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "बाई, कायद्याला एवढंच लागतं. सही होताना बघितलीच पाहिजे असं नाही. करणारा स्वतः म्हणाला ही माझी, आणि तुम्ही त्याच्यादेखत साक्षीची सही केलीत, झालं. डॉक्टरांच्या सहीसाठी दवाखान्यातली नर्स बोलावली असती. आता तुमचं कोण ऐकणार?"

बाहेर आले. ताईंनी विचारलं, काय म्हणाले?

काही नाही, म्हटलं.